नाहूरची सर्व्हिस वायर

बसा रे इथेच. लाइट काही आत्ता येत नाही. गेटपाशी खणतायत ते अजून फॉल्टच शोधतायत. सापडला तरी जोड मारायला दोन तास. सम्यक, तो टॉर्च बंद कर, डोळ्यांवर येतो. रुचिरा, तू कठड्यावर नको, पायरीवर बस.

मघाशी विचारलंत ना, "नाना, तुमची सगळी नोकरी मीटररूम तपासण्यात गेली, कधी काही अनुभव आला का?" माझं राहू दे. कुंडलिकचं सांगतो. ते घडलं तेव्हा मी तिथे नव्हतो. पण जो होता त्याने त्याच पहाटे मला सांगितलं, आणि नंतर दोनदा सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

कुंडलिक इंगळे. मूळचा मेहकरकडचा, पण वाढला विक्रोळीत. लायसनवाला वायरमन. मुलुंडपासून कांजूरपर्यंत कुठल्याही सोसायटीत नवीन वायर पडली की तपासायला मी जायचो, आणि वायर टाकणारा दहापैकी सहा वेळा कुंडलिक असायचा. बावीस वर्षांची ओळख. कामात नीटनेटका, बोलायला कमी.

तारीख सांगतो. २७ जानेवारी २०२३. शुक्रवार. संध्याकाळी तो बायकोचा मिक्सर आणायला मुलुंडच्या बाजारात गेला होता. माधुरीने आठवड्यापूर्वी दुरुस्तीला टाकलेला. दुकानदाराने मिक्सर चालवून दाखवला, कुंडलिकने पिशवीत घातला, आणि तेवढ्यात फोन वाजला. नाहूरच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी. सोसायटीचं नाव सांगत नाही, लोक राहतात अजून तिथे. स्टेशनच्या पश्चिमेला, पुढे एक मोठी बिल्डिंग आणि मागे एक छोटी, आठ घरांची. त्या मागच्या बिल्डिंगची लाइट गेली होती. गेटजवळच्या फ्यूजच्या केबिनमधून मागे जाणारी जमिनीतली वायर जळाली होती.

सेक्रेटरी म्हणाला, "इंगळे, दुसरे दोघं येऊन बघून गेले. म्हणतात फरशी उखडा, खणा. आत्ताच सगळीकडे पेव्हर बसवलेत. तुम्हाला तो पाइप माहिती आहे. जुन्याच पाइपातून नवीन वायर ओढून द्या."

कुंडलिक म्हणाला, "मी त्या कंपाउंडात येत नाही, तुम्हाला माहितीय."

"माहितीय. पण पहिल्या मजल्यावर चंपामावशी आहेत. त्यांना ऑक्सिजनचं मशीन लावलंय. बॅटरी रात्री दोनपर्यंत टिकेल."

कुंडलिकने मिक्सरची पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाला, "वायरचा ड्रम मिळायला उशीर होईल. साडेबारा-एकपर्यंत येतो."

आता तो तिथे का जात नव्हता ते सांगायला हवं.

हे काम दोघांचं असतं. जमिनीत पाइप आधीपासून असतो, दोन्हीकडे तोंडं उघडी. जुनी वायर दोन्ही टोकांना कापायची. तिच्या एका टोकाला नवीन वायर बांधायची, टेप गुंडाळायची, साबणाचं पाणी लावायचं. मग एकाने इकडून सारत राहायचं आणि दुसऱ्याने तिकडून जुनी वायर ओढायची. जुनी बाहेर येते, तिच्या मागोमाग नवी. मध्ये चाळीस मीटर जमीन. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. हाताला जाणवतो तो फक्त पलीकडच्याचा ओढा.

कुंडलिकच्या पलीकडे नेहमी धाकू असायचा. धाकू परब. मालवणकडचा. वडील गिरणीत होते, गिरणी गेली तसा हा पोरगा वायरिंगमध्ये आला. अठरा वर्षं दोघांनी बरोबर काम केलं. धाकूला फोन आवडायचा नाही. हाताला साबण लागलेला, फोन कसा धरू म्हणायचा. तो सरळ गुडघ्यावर बसायचा, पाइपाला तोंड लावायचा आणि बोलायचा. पाइपातून आवाज जातो. लांबून आल्यासारखा, ओलसर, पण शब्द कळतात. आणि काही कापण्याआधी दर वेळी विचारायचा, "लाइट बंद आसा मा?" कुंडलिकने "बंद आहे" म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही.

२०१८ साली, दिवाळी संपल्यावरच्या आठवड्यात, ह्याच नाहूरच्या सोसायटीत, ह्याच पाइपावर दोघं काम करत होते. संध्याकाळी सातची वेळ. कुंडलिक गेटच्या केबिनमध्ये, धाकू मागच्या बिल्डिंगच्या मीटरबोर्डापाशी. धाकूने जुनी वायर कापायला पक्कड लावली आणि तिथेच गेला. वायरीत करंट होता.

पोलिसांनी कुंडलिकला विचारलं. तो म्हणाला, "मी फ्यूज काढतच होतो. त्याने विचारलंच नाही. न विचारता कापली." तसंच लिहिलं गेलं. मयताच्या निष्काळजीपणामुळे. धाकूची बायको शेवंती पोलिस स्टेशनच्या बाकावर बसली होती. तिने ते ऐकलं. 

त्यानंतर कुंडलिक त्या सोसायटीसमोरून रिक्षा गेली तरी दुसरीकडे बघायचा.

म्हणून म्हणतो, तो त्या रात्री गेला तो चंपामावशींसाठी गेला. बरोबर चंद्रप्रकाश होता, घाटकोपरचा, पस्तिशीचा, दोन वर्षांपासून कुंडलिकबरोबर काम करणारा. त्यानेच मला हे सगळं सांगितलं.

पावणेएकला ते पोचले. थंडी होती, आपल्याकडे पडते तेवढी. चंद्र मावळला होता. मागची बिल्डिंग पूर्ण काळी. कुंडलिकने केबिन उघडली, मागच्या बिल्डिंगचे तीन फ्यूज होते, चिनी मातीचे, ते एक-एक करून काढले. चंद्रप्रकाशला दाखवले. "मोज," म्हणाला. चंद्रप्रकाश हसला. म्हणाला, "तीन आहेत ना, मोजायचं काय त्यात." कुंडलिक म्हणाला, "मोज तरी." त्याने मोजले. कुंडलिकने ते आपल्या पिशवीत टाकले, पिशवीची चेन लावली, आणि पिशवी चंद्रप्रकाशच्या खांद्याला अडकवली.

मग दोघांनी जुनी वायर दोन्ही बाजूंनी कापली.

आता गंमत बघा. गंमत कसली, दैव. दीड वाजता अ‍ॅम्ब्युलन्स आली. चंपामावशींच्या मुलीला धीर धरवला नाही, तिने बोलावली होती. मावशींना खुर्चीतून खाली आणलं. उचलायला माणूस नव्हता म्हणून वॉचमनही बरोबर गेला. म्हणजे ज्या कारणासाठी कुंडलिक आला होता, ते कारण गेटातून निघून गेलं. चंद्रप्रकाश म्हणाला, "भाऊ, आता सकाळी करू ना. कोणाचं काही अडलेलं नाही."

कुंडलिक म्हणाला, "आलोय तर ओढूनच जातो. परत मला इथे यायला जमणार नाही."

तेव्हा त्याने ऐकायला हवं होतं.

दोनच्या सुमाराला त्यांनी नवीन वायर जुनीला बांधली. ड्रम गेटजवळ एका सळीवर चढवलेला. कुंडलिक तिथे खाली बसला, वायर सारायला. चंद्रप्रकाश मागे गेला, ओढायला. पहिले दहा-बारा मीटर नीट गेले. मग मध्ये अडकली. चंद्रप्रकाशने जोर लावला, तळहाताला वायरने कापलं. रक्त आलं. त्याने फोन लावला, सांगणार होता, "भाऊ, दोन मिनिटं थांबा. हातमोजे बाइकला राहिलेत, घेऊन येतो." पण कुंडलिकचा फोन ड्रमच्या पलीकडे पिशवीवर होता, मिक्सरच्या पिशवीवर, आणि सायलेंटवर. त्याला कळलंच नाही.

त्याला एवढंच कळलं की वायर सुटली. अडकलेली होती ती सुटली आणि छान चालायला लागली. तो खाली मान घालून सारत होता. साबणाचा हात फिरवत होता. वायर चालली होती. एक ओढ, दुसरी ओढ, मग जरा थांबून तिसरी.

त्याने मान वर केली.

समोर चंद्रप्रकाश उभा होता. हाताला रुमाल गुंडाळलेला.

कुंडलिक त्याच्याकडे बघत राहिला. चंद्रप्रकाश ड्रमकडे बघत होता.

ड्रम फिरत होता.

"मागे कोण आहे?" कुंडलिकने विचारलं.

"कोणी नाही, भाऊ."

वायर कुंडलिकच्या हातातून आत जात होती. एक ओढ. दुसरी ओढ. थांबून तिसरी.

कुंडलिकने वायर घट्ट धरली. पाय पाइपाच्या दोन बाजूंना रोवले. पलीकडून ओढा आला. मोठा नव्हता. हिसका नव्हता. कामाचा माणूस जसा अंदाज घेतो, अडकलं की काय म्हणून, तसा. हलकाच. मग आणखी एकदा.

चंद्रप्रकाश म्हणाला, "सोडा, भाऊ. चला इथून."

कुंडलिकने वायर सोडली. पण उठला नाही. तो त्या ओढीला ओळखत होता. अठरा वर्षं त्याच्या हाताने ती ओढ ओळखली होती. डोळे फसतील, कान फसतील. हात फसत नाही.

वायर हळूहळू आत गेली... पुरेशी गेली, आणि थांबली. ड्रम थांबला.

मग काहीच नाही. पुढच्या बिल्डिंगमध्ये कोणाचा तरी पंखा चालल्याचा आवाज. बस.

चंद्रप्रकाश मला म्हणाला, "नाना, मी तेव्हाच पळायला पाहिजे होतं. पण भाऊ तिथे बसलेले, त्यांना सोडून कसा जाऊ."

आणि पाइपातून आवाज आला.

लांबून आल्यासारखा. ओलसर.

"लाइट बंद आसा मा?"

...

चंद्रप्रकाशने धाकूला कधी पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, मागच्या बिल्डिंगमधलं कोणी उतरून आलं असेल. त्याने कुंडलिककडे पाहिलं. कुंडलिकचं तोंड उघडं होतं. 

पुन्हा आला. तसाच. घाई नाही, राग नाही. रोजचं विचारावं तसा.

"कुंडलिक... बंद आसा मा?"

कुंडलिक पुढे वाकला. गुडघ्यांवर आला. पाइपाला तोंड लावलं.

"बंद आहे, धाकू," म्हणाला.

 मग पलीकडून...

"तेवा पन तू असाच सांगलंस."

रुचिरा, घाबरू नकोस. हात दे इकडे. हं.

कुंडलिक रडला नाही. चंद्रप्रकाश म्हणतो, रडला असता तर बरं झालं असतं. तो पाइपाशी तसाच वाकून बोलायला लागला. हळू. जवळच्या माणसाला सांगावं तसं. म्हणाला, "दोन काढले होते रे. तिसरा अडकला होता, निघेना. पक्कड आणायला बाहेर आलो, तर सेक्रेटरीने धरलं, पार्किंगच्या दिव्याचं काहीतरी विचारत बसला. परत आत आलो तर तू विचारलंस. मी म्हटलं, बंद आहे. तोंडातून गेलं. नेहमीचं म्हणून गेलं. मला वाटलं तीनही काढलेत. आणि नंतर... नंतर पोलिसांना खोटं सांगितलं. माझी मुलं लहान होती. मी खोटं बोललो, धाकू. तू विचारलं होतंस."

चार वर्षं हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. पाइपाला सांगितलं.

पाइपातून काही आलं नाही. माफ केलं, नाही केलं, काही नाही. थोड्या वेळाने तेच. त्याच आवाजात.

"बंद आसा मा?"

तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतो? त्याला काहीच कळत नव्हतं. तो मेला आहे, किती वर्षं गेली, समोरचा काय कबूल करतोय, काही नाही. तो अजून तिथेच बसला होता, मागच्या बोर्डापाशी, पक्कड हातात घेऊन. उत्तराची वाट बघत. आणि उत्तरावर त्याचा विश्वास उरला नव्हता.

कुंडलिक म्हणाला, "बंद आहे. शपथ घेऊ का?"

"तू हंय ये. हात लाव नि बघ."

कुंडलिक उठला.

चंद्रप्रकाशने त्याचा दंड धरला. "भाऊ, नका जाऊ."

"अरे, बंदच आहे. तूच मोजलेस ना फ्यूज? तुझ्याच खांद्याला आहेत. वायर तर इकडे जोडलेली पण नाही. ड्रमवर आहे." असं समजावून सांगितलं त्याने, शांतपणे. "दोन मिनिटं लागतील. त्याला दाखवतो आणि येतो."

तो निघाला. चंद्रप्रकाश मागोमाग. पेव्हरवरून चालत, गाड्यांच्या मधून. चाळीस मीटर. चंद्रप्रकाशच्या हातात टॉर्च.

मागे बोर्डापाशी कोणी नव्हतं. पाइपाच्या तोंडातून नवीन वायर हातभर बाहेर आलेली. जुनी वायर तिथेच बाजूला, नीट वेटोळं करून ठेवलेली. नव्या वायरीवरचं प्लास्टिक सोललेलं होतं, आतल्या तीनही तारा उघड्या, चकचकीत. हे कोणी केलं, ते चंद्रप्रकाशला माहीत नाही. त्याने केलं नव्हतं.

कुंडलिक तिथे गुडघ्यावर बसला. धाकू बसायचा तसा. पाइपाकडे तोंड करून म्हणाला, "हे बघ. आलो मी. धरतोय."

आणि त्याने उघड्या तारा धरल्या. दोन्ही हातांनी.

काही झालं नाही.

होणारच नव्हतं. दोन सेकंद, चार सेकंद. कुंडलिकने चंद्रप्रकाशकडे पाहिलं. तोंडावर... हसू नाही म्हणता येणार. सुटल्यासारखं काहीतरी. म्हणाला, "बघितलंस? बंद आहे."

तेव्हा पाइपातून आवाज आला. बोलण्याचा नाही.

खट्.

वायरमनला तो आवाज झोपेतही कळतो. चिनी मातीचा फ्यूज खाचेत बसतो तो. गेटकडून. जिथून ते दोघं आत्ताच उठून आले होते. जिथे कोणी नव्हतं.

चंद्रप्रकाशने खांद्यावरच्या पिशवीला हात लावला. आत तीन फ्यूज. चेन बंद.

खट्.

"भाऊ, सोडा."

कुंडलिकने ऐकलं. नीट ऐकलं. चंद्रप्रकाश त्याच्यापासून दोन पावलांवर होता, टॉर्चचा उजेड त्याच्या तोंडावर होता. कुंडलिकने आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग पाइपाकडे.

"भाऊ, सोडा ना..."

हात उघडायचे, बस. एवढंच करायचं होतं. वेळ होता. चंद्रप्रकाश आजही म्हणतो, वेळ होता.

कुंडलिकने डोळे मिटले. मूठ आणखी आवळली.

दोन वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती.

खट्.

...

मला चंद्रप्रकाशचा फोन आला सव्वातीनला. मी रिटायर झालो होतो, पण त्याला दुसरं कोणाला करावं सुचलं नाही. मी रिक्षाने पोचलो तेव्हा पोलिस आले होते. कुंडलिक तिथेच होता. गुडघ्यांवरच, भिंतीला टेकून. मी त्याचे तळवे पाहिले. चाळीस वर्षांत अशा जळालेल्या तळव्यांची माणसं मी पाच पाहिली होती. तो सहावा.

मी गेटच्या केबिनमध्ये गेलो. तीनही खाचा रिकाम्या. नवीन वायरीचं टोक ड्रमवर, कंपनीचं प्लास्टिकचं टोपण तसंच लावलेलं. पोलिसांच्या माणसाने मला विचारलं, "साहेब, मग करंट आला कुठून?" मी सांगितलं, मला माहीत नाही. त्यांनी काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

माधुरीला मी काय सांगणार? मिक्सर तेवढा नेऊन दिला.

पण शेवंतीकडे मी गेलो. तेराव्या दिवशी. ती भांडुपला, टेंभीपाड्यात राहते. दुपारी ती एका शाळेत खिचडी शिजवायला जाते, त्याआधी गाठलं. दारातच उभी राहिली. मी तिला सांगितलं, कुंडलिक काय बोलला ते. धाकूने विचारलं होतं. चूक त्याची नव्हती.

ती म्हणाली, "माका म्हायत आसा. इचारल्याबिगर तो वायरीक हात लावूचो नाय. चार वर्सां मी ह्याच सांगतंय. कोणी ऐकलां?"



मग तिने विचारलं, "तुमी तेवा थंय इल्लात मां, तपासूक? तुमका काय दिसला नाय?"

आता हे तुम्हा दोघांनाच सांगतो, खाली जाऊन बोलू नका.

मला दिसलं होतं. २०१८ साली धाकू गेला त्या रात्री केबिन तपासायला मीच गेलो होतो. तीन फ्यूज समोर होते. जुनी केबिन, सगळ्यावर धूळ. दोन फ्यूजवर बोटांचे ठसे उमटलेले, धूळ पुसलेली. तिसऱ्यावर धूळ जशीच्या तशी. त्याला कोणी हातच लावला नव्हता... म्हणजे लावला असेल, निघाला नाही म्हणून सोडून दिला असेल, कडेला जरा पुसल्यासारखं होतं. पण काढलेला नव्हता. कुंडलिक बाहेर पायरीवर डोकं धरून बसला होता. मी विचार केला, एक तर गेलाच आहे, दुसऱ्याला कशाला घालवायचा. मी रुमाल काढला आणि तीनही फ्यूज पुसले, त्याने तिसरा अर्धवट सोडला होता ते कोणाला दिसू नये म्हणून.

शेवंतीला मी हे सांगितलं. तिच्या दारात उभा राहून.

तिने ऐकून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. ती आत गेली, चप्पल घालून बाहेर आली, कुलूप लावलं. मला म्हणाली, "माका उशीर जाता." आणि माझ्या बाजूने निघून गेली. उतारावरून खाली जाताना एकदाही मागे वळली नाही. त्यानंतर तिने मला ओळख दाखवलेली नाही. बरोबर आहे तिचं.

चंद्रप्रकाशने धंदा सोडला. घाटकोपरला रिक्षा चालवतो. घरात दिव्याचं बटण त्याची बायको दाबते. तो दाबत नाही.

सोसायटीने मागच्या बिल्डिंगला भिंतीवरून नवीन लाइन नेली, पत्र्याच्या पट्टीतून, सगळी डोळ्यांसमोर दिसेल अशी. तो जमिनीतला पाइप सोडून दिला. आतली वायर ओढून काढायला एकही माणूस तयार होईना. म्हणून मग दोन्ही बाजूंना पाइपाच्या तोंडापाशी कापली आणि आत तशीच ठेवली. तिचं एक टोक गेटला, एक मागे, दोन्ही मोकळी. कशाला जोडलेली नाही. त्या पाइपाच्या आसपास दुसरी कुठली केबलही नाही, जुने नकाशे मी घरी काढून बघितले.

गेल्या वर्षी, ऑगस्टमध्ये, त्या सोसायटीत एकाच्या मीटरवर नाव बदलायचं होतं. ओळखीचा माणूस, मला म्हणाला नाना जरा बघून द्या. दुपारी साडेतीनची वेळ. ऊन होतं. काम झालं, निघालो, आणि पाय आपोआप मागे वळले.

बोर्डाची जागा रिकामी. पाइपाचं तोंड तेवढं जमिनीतून वर आलेलं. आत वायरीचं कापलेलं टोक दिसत होतं, तीन तारा, हिरव्या पडलेल्या. शेजारी कोणी स्कूटर लावली होती. दोन बायका जिन्यात बोलत होत्या.

मी खाली बसलो. माझ्या शर्टाच्या खिशात टेस्टर असतो, सवय आहे. काढला. टोक एका तारेला लावलं. मागे अंगठा ठेवला.

दिवा लागला.

काढला. दुसऱ्या तारेला लावला. तिसऱ्या तारेला लावला.

तिन्हींवर दिवा जळत होता.